करन्सी बिल्डिंगच्या मधोमध आभाळ का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेतल्या बदलीमुळे तुम्ही सोलापूरहून कोलकात्याला आलात. ऑफिसला जाता-येता बीबीडी बागेच्या, म्हणजे जुन्या डलहौसी स्क्वेअरच्या, पूर्वेला एक तीन मजली विटांची इमारत दिसते. आत गेलात तर मधोमध छतच नाही, भोवती कमानींच्या तुटक्या कडा आहेत. माहितीत आग्रा बँक आणि 1833 असं साल सापडतं, पण नाव मात्र करन्सी बिल्डिंग. मग ही बँक होती की सरकारी कचेरी? मधला भाग कुठे गेला? आणि अशा जुन्या इमारतीचा इतिहास आपण स्वतः शोधायचा तर सुरुवात कुठून करायची?

मी वास्तुसंवर्धनाचं काम करतो आणि त्यातलं बरंच काम मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या व्यापारी इमारतींवर झालं आहे. करन्सी बिल्डिंगच्या दुरुस्तीशी माझा संबंध नाही. पण ती मी नीट हिंडून पाहिली आहे आणि भारतातल्या बँकांच्या इमारतींमध्ये ती मला सर्वांत बोलकी वाटते. म्हणून जरा लांबून सांगतो.

आधी 1833 चं बघू. त्या वेळी कलकत्ता आर्थिक पडझडीतून जात होतं. तोवर कंपनी सरकारातले साहेब, लष्करी अधिकारी, विधवा बायका आपली बचत ठेवायचे ती 'एजन्सी हाउस' म्हणवणाऱ्या मोठ्या व्यापारी पेढ्यांत. या पेढ्या नीळ, अफू, जहाजं असा सगळा व्यवहार करायच्या आणि लोकांच्या ठेवीही सांभाळायच्या. नीळीचे भाव कोसळले तशा त्या एकामागून एक बुडाल्या. जानेवारी 1830 मध्ये पामर आणि कंपनी गेली आणि 1834 पर्यंत कलकत्त्यातल्या मोठ्या पेढ्यांपैकी जवळजवळ कोणी उरलं नाही. बँक ऑफ हिंदुस्तान ही जुनी बँक तिच्यामागच्या पेढीबरोबर 1832 मध्ये बंद झाली. आयुष्यभराची शिल्लक गेलेले अधिकारी देशभर विखुरलेले होते.

अशा वेळी, 1833 मध्ये, आग्र्याला एक बँक निघाली. तिचे भागधारक आणि खातेदार प्रामुख्याने कंपनीचे मुलकी आणि लष्करी अधिकारीच होते. पुढे काही काळ तिच्या नावात 'युनायटेड सर्व्हिस' हे शब्दही आले, ते याच गिऱ्हाइकांमुळे. बँक वाढत गेली. कलकत्ता, मद्रास, मुंबई, चीन असा पसारा झाला आणि मुख्य कचेरी शेवटी लंडनला गेली. कलकत्त्यातली तिची इमारत म्हणजे आजची करन्सी बिल्डिंग.

इथे थोडं थांबून कामातला एक अनुभव सांगतो. संस्थेच्या स्थापनेचं साल आणि इमारतीचं साल एकच दिलेलं असेल, तर मी ते साल पेन्सिलीने लिहितो, शाईने नाही. नवी बँक सहसा भाड्याच्या जागेत सुरू होते आणि ऐपत आली की मग बांधते. करन्सी बिल्डिंगच्या बाबतीत 1833 हे साल सगळीकडे दिलं जातं आणि आपणही तेच धरून चालू. पण वर बघा. जिथे छत शिल्लक आहे तिथे लोखंडी तुळया आणि त्यांच्यामधे विटांच्या छोट्या-छोट्या कमानी दिसतील. याला 'जॅक आर्च' म्हणतात. मुंबईतल्या गिरण्यांत, रेल्वेच्या इमारतींत, जुन्या चाळींच्या माळ्यांतही हे काम दिसतं. आपल्याकडे याचा सर्रास वापर झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे माझं वाचन असं, की ही एकाच दमात बांधलेली वास्तू नाही. बँकेने बांधलेल्या सांगाड्यात पुढच्या मालकाने आपल्या गरजेप्रमाणे बरंच काम केलेलं आहे. तो पुढचा मालक कसा आला, हाच या इमारतीच्या इतिहासाचा गाभा आहे आणि तिथे पोचायला आपल्याला मुंबईवरून जावं लागतं.

एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या राज्यांची बंदरं उत्तरेने अडवली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबई बंदरातून जायला लागला. शहरात अमाप पैसा आला आणि त्या पैशाने नव्या कंपन्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन करायच्या योजना उभ्या केल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरवर मूळ किमतीपेक्षा पन्नास हजारांचा जादा भाव चालला. या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते कापूस आणि शेअरांचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद. त्यांचं वजन सरकारी भागीदारी असलेल्या बँक ऑफ बॉम्बेतही चालायचं. 1840 मध्ये सव्वाबावन्न लाखांच्या भांडवलावर सुरू झालेल्या या बँकेने 1863 च्या नव्या कायद्यानंतर भांडवल वाढवत 2 कोटी 9 लाखांवर नेलं आणि शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जं दिली.

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. ती बातमी मुंबईत पोचताच कापूस पडला. वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता 1 जुलै 1865. त्या दिवशी देणी देणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेचं जवळजवळ सगळं भांडवल बुडालं, 1868 मध्ये ती गुंडाळली गेली आणि त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्या तेजीची खूण म्हणून मुंबईत आज राजाबाई टॉवर उभा आहे. प्रेमचंदांनी 1864 मध्ये विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने तो बांधला गेला.

मुंबईची आग विझायच्या आत लंडन पेटलं. 10 मे 1866 ला ओव्हरेंड गर्नी या लंडनच्या नामांकित हुंडीपेढीने व्यवहार थांबवले. दुसऱ्या दिवशी लंडनच्या रस्त्यांवर ठेवीदारांची गर्दी झाली. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर दहा टक्क्यांवर गेला आणि तिथे तो तीन महिने राहिला. हिंदुस्थानच्या व्यापारात हात अडकलेल्या बँकांकडे लोक आधीच संशयाने बघत होते. आपल्या आग्रा बँकेने 1864 मध्ये मास्टरमन या लंडनच्या पेढीशी हातमिळवणी केली होती आणि ती आता 'आग्रा अँड मास्टरमन्स' या नावाने चालत होती. जून 1866 मध्ये तिनेही दारं लावली. पुढे ती आटोपशीर रूपात पुन्हा उघडली आणि 1900 पर्यंत कशीबशी टिकली. पण पूर्वीचा तोरा परत आला नाही आणि डलहौसी स्क्वेअरवरच्या त्या ऐसपैस इमारतीची तिला गरजही राहिली नाही.

आता दुसरा धागा. तोपर्यंत नोटा काढायचा हक्क बँकांकडे होता. बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे, बँक ऑफ मद्रास या तिन्ही इलाखा बँका आपापल्या नोटा छापायच्या. 1859 च्या अखेरीस जेम्स विल्सन हे हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य म्हणून कलकत्त्याला आले. हेच विल्सन चार्टर्ड बँकेचे संस्थापक. मुंबईत महात्मा गांधी रोडवर स्टँडर्ड चार्टर्डची जी देखणी जुनी इमारत आहे, ती त्यांच्याच बँकेची. नोटा सरकारने काढाव्यात ही योजना त्यांनी मांडली. ऑगस्ट 1860 मध्ये कलकत्त्यातच त्यांचं निधन झालं. पण 1861 मध्ये कागदी चलनाचा कायदा झाला आणि बँकांचा नोटा काढायचा हक्क संपला. सुरुवातीला सरकारच्या वतीने नोटांचा कारभार इलाखा बँकांनीच पाहिला. काही वर्षांतच सरकारने तो काढून घेतला आणि आपलं स्वतंत्र चलन खातं उभं केलं. खातं उभं राहिलं म्हणजे त्याला जागा हवी. तीही साधी नाही, तर भक्कम भिंतींची, तिजोऱ्यांची सोय असलेली, शहराच्या व्यापारी भागातली. नेमकी तशी एक इमारत आग्रा बँकेमुळे मोकळी झाली होती. 1868 मध्ये नोटा काढायची आणि बदलून द्यायची सरकारी कचेरी इथे आली आणि इमारतीला तिचं आजचं नाव मिळालं.

म्हणजे बघा, वऱ्हाडातल्या कापसाचा भाव, अमेरिकेतलं युद्ध, लंडनमधली एक पेढी आणि कलकत्त्यातला एक कायदा, एवढं जुळून आल्यावर या इमारतीचं दार एका संस्थेकडून दुसरीकडे गेलं. बँकेच्या इमारतीबद्दल वाचताना लोक आधी वास्तुशैली विचारतात. इटालियन आहे का, खांब कुठल्या धाटणीचे, वगैरे. ही इमारत इटालियन वळणाची आहे, खिडक्या व्हेनिसच्या थाटाच्या आहेत, हे खरं. पण त्यावरून तुम्हाला तिच्या आयुष्यातलं फारसं काही कळणार नाही. मी आधी विचारतो ते असं, की ही इमारत कोणत्या वर्षी रिकामी झाली आणि का? बँकेची इमारत रिकामी होते तेव्हा तिच्यामागे बहुतेक वेळा कुठली तरी आर्थिक घडामोड असते आणि कागदपत्रंही त्याच वर्षांची सर्वांत जास्त सापडतात.

आता त्या कचेरीत काय चालायचं ते सांगतो, कारण त्याशिवाय इमारतीचा आराखडा समजत नाही. सुरुवातीच्या नोटा देशभर चालत नसत. देशाचे चलनविभाग पाडले होते आणि कलकत्ता विभागाची नोट हक्काने वटायची ती कलकत्त्याच्या कचेरीतच. मुंबई विभागाखाली कराची आणि अकोला असे उपविभाग होते. कापसाच्या बाजारामुळे आपल्या अकोल्याचं नाव छापलेल्या नोटा त्या काळी निघत. आजच्या अकोलेकरांपैकी किती जणांना हे माहीत असेल? पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश सोडून देशभर चालायला 1903 साल उजाडलं आणि शंभराची नोट सर्वत्र चालू झाली ती 1911 मध्ये. टपालाने रक्कम पाठवायची तर लोक नोट मधोमध फाडायचे, अर्धी आज आणि उरलेली अर्धी पोच मिळाल्यावर पाठवायचे, म्हणजे वाटेत चोरीची भीती नाही. ते अर्धे तुकडे जोडून आणलेल्या नोटा तपासून चांदी मोजून द्यायची, हेही अशा कचेरीचं रोजचं काम.

म्हणून मधला मोठा दरबारी दालनासारखा हॉल. वरून घुमट, घुमटात उजेडासाठी काचा, खाली नोटा, सोनं, चांदी आणि खुर्दा यांचे वेगवेगळे काउंटर. विजेचे दिवे नसताना नोटेवरची सही आणि आकडा नीट बघायचा तर उजेड वरूनच यायला हवा. बाजूच्या खिडक्यांचा उजेड माणसांच्या गर्दीत अडतो. शिवाय खिडकी जितकी मोठी तितकी ती राखायला अवघड. घुमट दिखाव्यासाठीही होता, पण आधी कामासाठी होता.

आणि चांदीचं वजन. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि वास्तूवरच्या लेखांत तो जवळपास कधीच येत नाही. 1861 च्या कायद्याने ठरवलं होतं, की 4 कोटींपर्यंतच्या नोटांमागे सरकारी रोखे चालतील, त्यावरच्या प्रत्येक नोटेमागे नाणी किंवा धातू प्रत्यक्ष ठेवला पाहिजे. तेव्हाचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे साधारण 11.66 ग्रॅमचा. एक लाख रुपये म्हणजे जवळजवळ 1,166 किलो. एक कोटी म्हणजे 116 टनांहून जास्त. असा साठा साध्या लाकडी तुळयांच्या मजल्यावर ठेवता येत नाही. म्हणून तळमजल्याच्या भिंती इतक्या जाड, म्हणून कमानींवर कमानी, म्हणून पश्चिमेचं दार तीन भागांचं, भलं रुंद आणि लोखंडी. नाण्यांच्या पेट्या भरलेल्या बैलगाड्या आत आणायच्या तर दार तसंच लागतं. बंगालच्या गाळाच्या जमिनीत दगड मिळत नाही, त्यामुळे हा सगळा भार विटांनी पेलला, चुना आणि सुरखीच्या जोडकामात. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. फरसबंदीसाठी संगमरवर आणि चुनारचा दगड बाहेरून आणला. आपल्याकडे कुर्ल्याचा किंवा मालाडचा दगड जे काम करतो ते तिथे विटेकडून करून घेतलं आहे. भिंतींची जाडी बघताना हे लक्षात ठेवा.

या कचेरीची खरी कसोटी लागायची ती लोकांचा कागदावरचा विश्वास डळमळला की. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा झाला. नोव्हेंबर 1917 मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. 1918 च्या सुरुवातीला नोटा देऊन चांदी मागायला लोकांची रीघ लागली आणि सरकारी साठा तळाला जायला लागला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतली चांदी विकायला काढली, त्यातली 20 कोटी औंस हिंदुस्थानच्या वाट्याला आली, तेव्हा कुठे ताण निवळला. नोटा तोपर्यंत इंग्लंडहून छापून जहाजाने यायच्या. 1928 पासून त्या नाशिकच्या छापखान्यात छापायला लागल्या.

1 एप्रिल 1935 ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिची मध्यवर्ती कचेरी आधी कलकत्त्यात होती आणि नव्या बँकेने याच इमारतीत बस्तान मांडलं. 1937 मध्ये मध्यवर्ती कचेरी कायमची मुंबईला हलली. तुमच्यासारख्या बँकेतल्या माणसाला हे ठिकाण एवढ्यासाठी तरी जवळचं वाटावं. देशाच्या मध्यवर्ती बँकेचं बालपण इथे गेलं आणि तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये त्या पदावर आले तोवर कारभार मुंबईत रुळला होता.

1937 नंतरचा काळ झटकन सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे आणि ते दुःखद आहे. पैशाचं काम गेलं की अशा इमारतीचं काय करायचं हे कोणालाच सुचत नाही. राहायला ती गैरसोयीची. आजच्या कचेऱ्यांसाठी खोल्या फार उंच आणि काळोख्या. तिजोऱ्यांच्या भिंती पाडायच्या तर खर्च फार. ती केंद्र सरकारच्या ताब्यात राहिली, पुढे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आली, गोदामासारखी वापरली गेली. छताची डागडुजी थांबली. कोलकात्याच्या पावसात छत दोन-तीन वर्षं दुर्लक्षित राहिलं की पिंपळ रुजतो आणि त्याचं मूळ चुन्याच्या सांध्यात शिरलं की भिंत आतून उकलते.

1990 च्या दशकात त्या विभागाने ठरवलं, की इमारत पाडून तिथे बहुमजली कचेरी बांधायची. पाडकाम मधूनच सुरू झालं. घुमट गेले. तुम्हाला दिसणारं आभाळ ते हेच. वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि कोलकाता महापालिका यांनी पाडकाम थांबवलं तोवर मधला भाग जमीनदोस्त झाला होता. मुंबईत 1995 मध्ये वारसा इमारतींसाठी नियमावली लागू झाली, त्याच सुमारास कोलकात्याच्या मुख्य चौकात, कंपनीच्या कारकुनांसाठी बांधलेल्या रायटर्स बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर, हे चाललं होतं. मला आजही याचा संताप येतो. इमारत कोसळत होती म्हणून ती पाडली गेली नाही. वापर सापडला नाही म्हणून ती पाडायला घेतली.

घुमट पाडल्याने फक्त शोभा गेली असं समजू नका. कमान आणि घुमट आपलं वजन खाली तर देतातच, पण बाजूलाही ढकलतात. मधला घुमट आणि भोवतीच्या कमानी एकमेकांना रेटून उभ्या असतात. मधलं काढलं की बाजूच्यांचा तोल जातो, भेगा पडतात. शिवाय जे आतलं होतं ते एका रात्रीत बाहेरचं होतं. आतल्या भिंतींचा गिलावा पावसाला तोंड द्यायला केलेलाच नसतो. लोखंडी तुळयांची टोकं उघडी पडतात, गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि विटांची कमान फोडतं. मुंबईत जॅक आर्चच्या छतांवर काम करताना मी सर्वांत जास्त बघितलेलं दुखणं हेच आहे. खालून रंगाची रेघ फाटलेली दिसते, वर तुळईची खालची पट्टी पापुद्र्यासारखी सुटलेली असते. त्यावर सिमेंट थापणं हा सर्वांत वाईट इलाज, कारण पाणी आत कोंडतं आणि गंज दुप्पट वेगाने चढतो.

2002 मध्ये इमारत संरक्षित स्मारक ठरली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. ढिगारा उपसणं, झाडं काढणं, भिंतींना आधार देणं, चुना-सुरखीत जोडकाम करणं, छतं नीट करणं यात बरीच वर्षं गेली. याच काळात डलहौसी स्क्वेअरचा सगळा परिसर जागतिक पातळीवरच्या धोक्यातल्या स्मारकांच्या यादीत आला होता, 2004 मध्ये आणि पुन्हा 2006 मध्ये. 11 जानेवारी 2020 ला पंतप्रधानांच्या हस्ते इमारत लोकांसाठी खुली झाली आणि त्या वेळी बंगालच्या कलेचं मोठं प्रदर्शन तिथे भरलं होतं.

घुमट पुन्हा का बांधले नाहीत, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. बऱ्याच जणांना मधलं उघडं आंगण हे अर्धवट काम वाटतं. मी या निर्णयाच्या बाजूने आहे. स्मारकांच्या जतनासाठीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत एक साधं तत्त्व सांगितलं आहे, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. नवे घुमट बांधले असते तर ते आजचे घुमट झाले असते, जुन्या कामाचा वेष घेतलेले. आणि इमारतीच्या आयुष्यातली 1990 च्या दशकातली ती घटना पुसली गेली असती. आज भिंतीवरची तुटकी कड बघून शाळेतलं पोर विचारतं, की हे कोणी तोडलं? त्याला खरं उत्तर देता येतं. मधल्या जागेत कार्यक्रम होतात, माणसं जमतात, सावलीत बसतात. पाडकामाने झालेली जखम लपवली नाही आणि तरीही जागा वापरात आणली, ही गोष्ट सोपी नाही.

शोध कुठून सुरू करायचा, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. आधी इमारतीतच जा, कागद नंतर. फरशीवर काउंटरच्या पायांच्या किंवा गजांच्या खुणा शोधा. लोक जिथे रांगेत उभे राहायचे तिथली फरशी जास्त झिजलेली असते आणि कारकुनाच्या बाजूची कमी. खिडकीच्या चौकटीत बुजवलेली भोकं दिसली तर तिथे पूर्वी जाळी होती. भिंतीच्या जाडीचा फरक बघा. शेजारच्या खोल्यांपेक्षा एखाद्या खोलीची भिंत अचानक जाड झाली आणि तिला बाहेरच्या बाजूला खिडकीच नसेल, तर ती बहुधा तिजोरीची खोली. तुळयांवर कारखान्याचं नाव ठसवलेलं असतं, ते सापडलं तर फोटो काढून ठेवा. तुळईवरच्या एका नावाने मजल्याचं साल दहा वर्षांच्या आत आणता येतं.

मग कागद. कोलकात्यात असल्याचा तुम्हाला मोठा फायदा आहे. अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात थॅकरच्या जुन्या डिरेक्टऱ्या आहेत. त्यांत रस्त्यानुसार, घर क्रमांकानुसार कोणती संस्था कुठे होती ते वर्षवार मिळतं. एका पत्त्यावरचं नाव कोणत्या वर्षी बदललं एवढं काढलंत तरी अर्धा इतिहास हाती येतो. स्ट्रँड रोडवर समृद्धी भवनात स्टेट बँकेचं अभिलेखागार आणि संग्रहालय आहे. इलाखा बँकांचे कागद तिथे आहेत. आणि नोटा काढायचं काम आधी त्याच बँकांकडे होतं, त्यामुळे ते सरकारकडे कसं गेलं याचा पत्रव्यवहार तिथे शोधण्यासारखा आहे. 1935 ते 1937 च्या काळासाठी मात्र तुम्हाला सुट्टीत गावी येताना पुण्यात उतरावं लागेल, कारण रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यात आहे. बँकेत नोकरीला असल्यामुळे तुमचा अर्ज पुढे सरकायला मदत होईल. अर्जात 'इमारतीचा इतिहास' असं मोघम लिहू नका. जागेचं भाडं, दुरुस्तीची मंजुरी, तिजोरीची खोली, स्थलांतर असे विषय आणि दोन-दोन वर्षांचा काळ लिहून द्या. फायली विषयवार लावलेल्या असतात, इमारतीच्या नावाने फार कमी सापडतात.

असाच शोध पुढे कधी मुंबईत घ्यायचा झाला तर कर्नल लॉटन यांनी 1865 ते 1872 मध्ये केलेल्या मोजणीचे नकाशे बघा. फोर्टातली एकेक इमारत त्यांत आखलेली आहे. जोडीला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तेजी आणि पडझडीच्या नेमक्या त्याच वर्षांतले नकाशे असल्यामुळे कोणती बँक कुठे होती आणि पाच वर्षांनी तिच्या जागी कोण आलं, हे तिथे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. करन्सी बिल्डिंगचे तुमचे फोटो, विशेषतः तुळयांवरचे ठसे सापडले तर, जरूर पाठवा. त्यावरून छताच्या कामाचं साल ठरवायला मला नक्की आवडेल.